धर्मा टर्नरची नजर

रेवदंड्याच्या लाँच-दुरुस्तीच्या कारखान्यात धर्मा लेथवर बोल्टांना आटे पाडी, आणि ते केसभरही चुकत नसत. त्याची नजर जवळजवळ गेली आहे, हे फक्त त्याच्या बायकोला, बायजाला ठाऊक होतं. ती रोज त्याला चौलहून हात धरून कारखान्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत आणी. आत तो लेथच्या आवाजावर काम करी आणि प्रत्येक आटा नखाने चाचपून बघी.

अठ्ठावन्नच्या शिमग्यानंतर मालकांनी त्याची पाठ थोपटली. "धर्मा, तुझ्यासारखी नजर कुणाचीच नाही. उद्यापासून लेथ सोड. टेबलाशी बसून भिंगातून सगळ्यांचे आटे तपास."

संध्याकाळी बायजा न्यायला आली. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला,

"मालकांनी मला बढती दिली, बायजे. उद्यापास्नं मी घरीच हाय."