हजेरीचा कागद

"आधी सही, लोला. सही नाही तर पान्सित नाही." प्रांताच्या सभागृहाच्या दारातल्या कारकुनानं कोरा कागद पुढे सरकवला. पान्सितच्या शेवयांचं पाकीट त्यानं दुसऱ्या हातात उंच धरलं होतं, कुत्र्याला दाखवतात तसं.

लोला एपांगनं, म्हणजे एपांगआजीनं, सही केली. सगळेच करतात. लुबिगान गावाहून दोन जीप बदलून आलेल्या म्हातारीला भूक लागते. काखेतल्या टोपलीत तिचे स्वतःचे सुमान होते, नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. पण ते मोठ्या लोकांसाठी. त्यांच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं.

टोपलीच्या तळाशी एक अर्ज होता, तीन प्रतींत. लुबिगानच्या आरोग्य केंद्रातल्या क्षयाच्या गोळ्या पाच आठवड्यांपूर्वी संपल्या होत्या. सात जणांचा औषधोपचार मध्येच तुटला होता. सातवी लोलाची नातसून, लुमिंग. तिला परत रोज ताप चढत होता. गोळ्या खरेदी करायला दोनच सह्या हव्या होत्या: आरोग्य समितीचे अध्यक्ष बोकाल, म्हणजे प्रांत मंडळाचे सदस्य, आर्सेनियो आणि सरकारी डॉक्टर विलामोर. दोघंही महिनाभर केंद्रातल्या सिस्टर लिवायवायला एकच सांगत होते, "आधी धोरण ठरू दे."

आज धोरण ठरत होतं. सकाळचा प्रश्न: लोलासारख्या वैदूंचा झाडपाला सरकारी आरोग्य विम्यात घ्यायचा का? दुपारचा प्रश्न: जनुक बदललेल्या नव्या वांग्यावर प्रांतात बंदी घालायची का?

सकाळी मनिलाहून आलेल्या जोव्हीबाई कडाडल्या. त्यांच्या गळ्यात बियांच्या माळा होत्या. "हजार वर्षं आज्या पाला देताहेत! आणखी पुरावा कसला मागता?"

"दहा वर्षं चाचण्या करा, मग बोला," डॉक्टर विलामोर म्हणाले.

मग बोकालनी लोलाला उभं केलं. "लोला, सांगा सगळ्यांना, तुमच्या पाल्यानं किती माणसं बरी झाली?"

"जी तशीही बरी होणार होती, ती," लोला म्हणाली. "माझ्या काढ्यानं खोकला सुटतो, बोकाल. क्षय हटत नाही. त्याला गोळ्याच लागतात. आमच्याकडे सात जण—"

"काय ही नम्रता!" बोकालनी टाळ्या वाजवल्या. सभागृहानंही वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. लोला खाली बसली.

जेवणाआधी ठराव वाचून दाखवला गेला. झाडपाला विम्यात मंजूर. यापुढे ग्रामीण केंद्रांत महागड्या गोळ्यांऐवजी आधी पारंपरिक उपचार देण्यात यावेत. ठरावाला सर्व उपस्थितांचा पाठिंबा, सह्या सोबत जोडल्या आहेत.

लोलानं मान लांब करून पाहिलं. तो दारातलाच कागद होता. सकाळी कोरा होता, आता वर चार ओळी टाइप केल्या होत्या. पहिलीच सही तिची.

"अगं, मी तर शेवयांना सही केली होती!" ती शेजारी बसलेल्या सिस्टर लिवायवायच्या कानात म्हणाली.

"सगळ्यांनी शेवयांनाच केली, लोला. इथे ठराव असेच होतात."

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बाजूंनी आपापले मुद्दे अदलाबदल करून घेतले असावेत. कारण दुपारी डॉक्टर म्हणाले, "दोन हंगाम चाचणी झाली, आणखी किती पुरावा मागता?" आणि जोव्हीबाई ओरडल्या, "शंभर वर्षांचा आणा!" तास गेला, दोन तास गेले. वांग्याच्या आतली अळी मरते की माणूस, यावर दोघांचे आवाज बसले. पण दुपारचा खाऊ काही आला नाही. कंत्राटदार बोकालचा मेहुणा होता.

बोकालची नजर लोलाच्या टोपलीवर गेली. "लोला, सुमान का हो?"

लोला उठली. टेबलावर टोपली ठेवली. तळाचे तीन कागद काढले, त्यांचा वरचा भाग केळीच्या पानानं झाकला आणि खालची मोकळी जागा पुढे केली.

"आधी सही, बोकाल. सही नाही तर सुमान नाही."

सभागृह खो खो हसलं. "म्हातारी शिकली!" म्हणत बोकालनी सही ठोकली. पहिला सुमान दोन घासांत संपला. दुसऱ्याला दुसरा कागद आला. तिसऱ्याला तिसरा. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नाही. डॉक्टर विलामोरनी जोव्हीबाईंशी भांडता भांडताच तीन सुमान उचलले, तीन सह्या केल्या. जोव्हीबाईंनाही भूक होतीच, पण तांदूळ कुठल्या बियाण्याचा ते त्या विचारत बसल्या, तोवर टोपली रिकामी झाली.

लोलानं पान बाजूला केलं. तिन्ही कागद सिस्टर लिवायवायच्या हातात दिले. "जा पोरी. औषधांचं गोदाम पाचला बंद होतं."

मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन सिस्टर निघालीच होती. बोकालना कागदाच्या माथ्यावर 'क्षयाच्या गोळ्यांची खरेदी' हे शब्द दिसले आणि ते खुर्चीतून उठले.

"थांब! ए, थांब! लोला, ही फसवणूक आहे! मी हे वाचलंसुद्धा नाही!"

"मी तरी सकाळी कुठं वाचलं होतं, बोकाल?" लोला रिकामी टोपली काखेत मारत म्हणाली. "सह्या खोडायच्या तर दोन्हीकडच्या खोडू, सकाळच्या ठरावावरच्याही."