मांडीवरचे हात

डॉ. विश्राम केळसकर पुन्हा नापास झाले, तेही हात हलले म्हणून. ऑपरेशन आता यंत्रच करायचं. कायद्याला माणूस लागतो, म्हणून सर्जनने हात मांडीवर ठेवून समोर बसायचं, एवढंच काय ते प्रशिक्षण. पण पडद्यावर रक्त दिसलं की केळसकरांचा हात आपसूक चिमट्याकडे जायचा. उभा जन्म त्यात गेलेला.

"सर, तुम्ही मध्ये पडलात की यंत्र गोंधळतं," शिकवणारी रेवती समजुतीने म्हणाली. "रक्त येऊ दे. ते बघून घेईल."

"ते बघेल हो. मला बघवत नाही," केळसकर थकून म्हणाले.

पुढच्या सरावात धमनी फुटली, पडदा लाल झाला, आणि त्यांचे हात मांडीवरून हलले नाहीत. यंत्राने टाका घातला. रेवतीने त्यांना पास केलं.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. करपल्याचा वास आला तशी बायको, निमाताई, धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"अहो, सगळं दूध उतू गेलं. समोरच तर बसला होतात. दिसलं नाही?"

"दिसलं की," केळसकर म्हणाले. "अगदी पहिल्यापासून दिसत होतं."

हात अजून मांडीवरच होते.