दोराचं टोक

सासूने पिशवीतला दोर काढून काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्यात खोट कुठे आहे तेवढी दाखवा. मग नवा घेऊ."

सून तिच्या मागे उभी होती. दोर लावून झाडांवर चढायचा नाद तिला आणि तिच्या नवऱ्याला सारखाच होता. अकरा वर्षं त्यांचा एकही रविवार जमिनीवर गेला नव्हता. मागच्या वर्षी तो पडला आणि गेला. तेव्हापासून ती झाडाखालून जातानाही मान वर करत नसे. आज सकाळी चहा पिता पिता तिने सासूला सांगितलं, की मला पुन्हा चढायचंय. सासू घर डोक्यावर घेईल, अशी तिने मनाची तयारी केली होती. सासूने कप विसळून पालथा घातला, आतल्या खोलीतून ही पिशवी आणली आणि चपला घातल्या.

दुकानदाराने दोर ओळखला. त्याच्याच दुकानातला होता. त्याने तो हातातून सोडायला घेतला. वीतभर पुढे, चिमटीत दाबायचं, पुन्हा वीतभर. वरची वीण उसवली असेल किंवा आतला गाभा पोकळ झाला असेल तर ते डोळ्यांआधी बोटांना कळतं. मध्येच मागच्या फळीवरून एक भेंडोळं घसरलं आणि धप्पकन जमिनीवर पडलं. दोघी जागच्या जागी थिजल्या. एकमेकींकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

चाळीस मीटर दोर संपला. खोट सापडली नाही.

"दोर चांगला आहे, काकू," तो म्हणाला. मग त्याने काउंटरची कड पुसली. "तो कमी पडला. मी झाडाची उंची विचारली होती. त्यांनी अंदाजाने सांगितली आणि मी मान डोलावली."

त्या दिवशी झालं होतं ते एवढंच. तो ठरवल्यापेक्षा वरच्या फांदीवर गेला होता. उतरताना दोर जमिनीपर्यंत पोचलाच नाही, आणि हवेतच दोराचं टोक त्याच्या कमरेच्या पकडीतून निसटून गेलं.

सून पुढे आली. "टोकाला गाठ मारून ठेवायची असते. म्हणजे दोर कमी पडला तरी माणूस तिथेच अडकतो, पडत नाही." ती थांबली. "ती गाठ चढण्याआधी खालच्याने मारायची. खाली मी होते."

हे तिने वर्षभरात कोणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही.

सासूने जुना दोर पुन्हा पिशवीत भरायला घेतला. घाई न करता, वेटोळ्यावर वेटोळं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "वर्षभर रोज हातात घेतेय. गाठ मारली की दोराला वळ पडतो. टोकाला वळ नाही."

सुनेने काउंटर धरला. दुकानदार मागे वळला आणि उगाचच फळीवरचं सामान सरकवू लागला. मग तिथूनच, त्यांच्याकडे पाठ ठेवून, तो दोरांबद्दल सांगायला लागला. खडकावर चढायचा दोर नको, म्हणाला. तो पडणाऱ्याला झेलायला बनवलेला, म्हणून ताणतो. झाडावर माणूस दोरालाच धरून वर जातो. प्रत्येक हिसक्याला दोर ताणला तर दमून जाल आणि राहाल तिथेच. कमी ताणणारा घ्या, मुठीत भरेल असा जाड घ्या. त्याने तीन दोर काढून ठेवले आणि पिवळा लांबून उठून दिसतो म्हणाला. सासू म्हणाली, की आम्ही पडदे घ्यायला आलेलो नाही, जो टिकेल तो द्या. पहिल्यांदाच तिघेही जरा हसल्यासारखे झाले.

लांबीच्या वेळी मात्र त्याने उंची विचारली नाही. थेट साठ मीटर मोजायला घेतला. शिल्लक राहिला तर राहू दे, म्हणाला. सासूने तो साठच्या साठ मीटर स्वतःच्या बोटांतून जाऊ दिला, तेव्हा कुठे मान हलवली.

"आता ती टोकाची गाठ मला शिकवा," ती दुकानदाराला म्हणाली. "खाली मी उभी राहणार आहे."

शिकवली सुनेने. सासूचे हात सांध्यांत सुजलेले, गाठ दोनदा ढिली पडली. तिसऱ्यांदा बसली. सासूने ती ओढून पाहिली, दुकानदाराला ओढून पाहायला लावली, आणि सोडून पुन्हा एकदा बांधली.

दुकानाच्या मागे, गिऱ्हाइकांना दोर अजमावून पाहता यावा म्हणून, छताला एक तुळई बसवलेली होती. नवा दोर तिच्यावरून टाकला. सुनेने कमरेचा पट्टा चढवला, पाय उचलले आणि अंग दोरावर सोडलं. हातांना सगळं आठवत होतं. चार-पाच हात वर गेल्यावर तिने पहिल्यांदा खाली पाहिलं.

सासू गाठ धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. दुकानदाराने स्टूल पुढे केलं, पण तिने ते पायाने बाजूला सारलं.

"आई, उतरू का?"

सासूने गाठ आणखी घट्ट धरली.

"अजून थोडी वर जा," ती म्हणाली. "मला बघायची सवय होऊ दे."