जाऊ दे, झालं

खेळ उघडता उघडता पुन्हा मिटला. काळ्या पडद्यावर तीच ओळ उरली : ‘योग्य ग्राफिक्स कार्ड सापडले नाही.’

“आहे रे मेल्या, तुझ्याच पोटात आहे!” ब्रिटाने कॉम्प्युटरला दम भरला.

चार वाजता याच खेळात मोठ्या बहिणीशी, इंग्रिडशी, तिची अंतिम शर्यत होती. ब्रिटा हजर झाली नाही, तर इंग्रिड फुकटात जिंकणार आणि नाताळच्या जेवणात डुलूथमधल्या झाडून सगळ्या मावश्यांसमोर ते तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा तळ्याच्या बर्फात उडी मारलेली परवडली.

तिने कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम काढून नवा टाकला. नवा काढून जुना टाकला. कॉम्प्युटर इतक्यांदा बंद-चालू केला, की त्यालाच चक्कर यावी. शेवटी ती ओळ नेटवर शोधली, तर एका जुन्या चर्चेत कुणी समदुःखी सापडला. तोच संदेश, तीच रडारड. लोकांनी बिचाऱ्याला ढीगभर उपाय सुचवले होते, एकही लागू पडला नव्हता. आणि मग त्याचं शेवटचं वाक्य : ‘जाऊ दे, झालं.’

काय झालं, कसं झालं, एक अक्षर नाही. ब्रिटाचं टाळकं सरकलं.

“गाढव कुठला! स्वतःचं भागलं, बाकीचे गेले खड्ड्यात!”

“असेल गं कुणी घाईत,” स्वयंपाकघरातून तिचा नवरा लाइल म्हणाला. आज त्याच्या अंगात कामसूपणा संचारला होता. सकाळी कॉम्प्युटरचं टेबल सरकवून मागची धूळ काढली होती, आता ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याचं हॉटडिश भाजायला लावलं होतं.

“घाईत? अशा माणसाशी लग्न तरी कोण करेल?” म्हणत ब्रिटाने त्या चर्चेखाली लिहिलं, ‘उपाय एकट्याने गिळलास. अपचन होवो तुला!’ आणि पाठवून दिलं.

स्वयंपाकघरात लाइलचा फोन किणकिणला.

ब्रिटा सावकाश वळली. लाइल फोन ओव्हनच्या हातमोज्याखाली सरकवत होता.

“तू?”

“लग्नाआधीचं आहे गं ते.”

“ते मरू दे! उपाय काय होता? चार वाजत आले!”

“तो मी थोडाच शोधला? मी एवढा आरडाओरडा करत होतो, की खालच्या मजल्यावरची मुलगी भांडायला वर आली. कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि म्हणाली, ‘अहो शहाणे, मॉनिटरची वायर कार्डात लावायची असते, दिसेल त्या भोकात नाही.’ झाला की खेळ सुरू.”

ब्रिटाचा हात केव्हाच कॉम्प्युटरच्या मागे गेला होता. वायर सकाळी धूळ पुसणाऱ्याने दिसेल त्या भोकातच लावली होती. तिने ती कार्डात खोचली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. खेळ उघडला. पलीकडे इंग्रिड वाट बघत होती.

“मग एवढं लिहायला काय हात मोडले होते तुझे?” ब्रिटाने विचारलं.

“लिहायलाच बसलो होतो,” लाइल म्हणाला. “तेवढ्यात तू कॉम्प्युटरमागून डोकं वर काढून विचारलंस, ‘कॉफी मिळेल का?’”