पंधरावा पॉइंट

मंजिरीचा चिमटा बोर्डावर पहिला आला, तेव्हा अनुराधाताई नेमक्या मागे चहाचे मग मांडत होत्या. सात बुधवारांत असा योग आला नव्हता.

कार्डिफच्या त्या बॅडमिंटन क्लबात २००४ सालीही जुनीच पद्धत होती. प्रत्येकाच्या नावाचा एक चिमटा, कपडे वाळत घालायचा लाकडी असतो तसला, बोर्डावर रांगेत लावायचा. ज्याचा पहिला, त्याने पुढच्या डावासाठी आणखी तिघं निवडायची, आणि निवडलेल्याने नाही म्हणायचं नाही. मंजिरीचा चिमटा पुढे सरकला की क्लबच्या सेक्रेटरी असलेल्या अनुराधाताई तो अलगद उचलून मागे लावायच्या. "शी इज न्यू, ब्लेस हर," असं लोकांना सांगायच्या. मग मंजिरीच्या वाट्याला टोकाचं कोर्ट आणि गुडघे धरून खेळणारे आजोबा.

खरं तर मंजिरी लग्नाआधी जिल्ह्याची चॅम्पियन होती. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आली. पहिल्याच दिवशी अनुराधाताईंचं आडनाव ऐकून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "ताई, तुम्ही पुण्याच्या का?" असं तिने विचारलंही. ताई गोड हसल्या आणि लॉकर उजव्या हाताला आहेत असं इंग्रजीत सांगून निघून गेल्या. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

आज मंजिरीने भराभर तीन चिमटे काढले. समोर अनुराधाताई आणि त्यांची नेहमीची जोडीदारीण ग्लेनिस. आपल्या बाजूला सुजिन.

सुजिन कोरियाची. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे तिला कुणी खेळायला घेत नसे. दर बुधवारी बाकावर मंजिरीशेजारी बसायची, कंटाळा आला की भिंतीवर शटल मारत राहायची. मंजिरीने तिचं मनगट बघून ठेवलं होतं.

"ओह नो, डियर," अनुराधाताई लगबगीने आल्या. हात बोर्डाकडे गेलासुद्धा.

"रूल्स आर रूल्स, अनू," म्हणत ग्लेनिस कोर्टवर जाऊन उभी राहिली.

मंजिरीने स्मॅश मारलाच नाही. स्मॅशने माणूस पटकन हरतो, आणि तिला घाई नव्हती. ती शटल जाळीपाशी हळूच टाकायची. ताई धापा टाकत पुढे आल्या की त्यांच्या डोक्यावरून मागच्या रेषेवर. मग परत पुढे. परतून आलेलं शटल सुजिन संपवून टाकायची. सात-शून्य झाले. अकरा-शून्य झाले. शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला, चहा घेऊन उभे असलेले लोक जवळ सरकले. ताईंचे नीट विंचरलेले केस कपाळाला चिकटले होते. मंजिरीला मनापासून बरं वाटत होतं, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

चौदा-शून्य. पंधराला डाव संपणार. पुढची सर्व्हिस सुजिनची.

अनुराधाताई जाळीपाशी आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "मंजिरी, अगं, एक पॉइंट तरी घेऊ दे गं. पंचवीस वर्षं काढलीत मी या लोकांत. सगळे बघतायत."

अस्सल पुणेरी मराठी. या एका 'अगं'साठी ती दर बुधवारी दोन बसेस बदलून येत होती. पहिल्या दिवशी तो मिळाला असता, तर तिने ताईंची रॅकेटसुद्धा उचलली असती.

"व्हॉट शी से?" मागून सुजिनने विचारलं.

मंजिरीने ताईंच्या डोळ्यांत बघितलं.

"शी सेज, हार्डर," ती म्हणाली. "प्लीज."

ताई जाळीपासून एक पाऊल मागे सरकल्या.

सुजिनचा चेहरा एकदम गंभीर झाला. आईच्या वयाची बाई, आणि केवढी ही जिद्द! रॅकेट काखेत धरून ती अनुराधाताईंसमोर कमरेतून वाकली, चांगली खालपर्यंत. मग सरळ झाली आणि तिने बाह्या वर सारल्या.