शेजारची सीट

"यायला त्रास नाही ना झाला?" शुभदाबाईंनी दारातच विचारलं.

"नाही. तोक्योहून बुलेट ट्रेननं तीन तास, तिथून पुढे चालत," उल्हास म्हणाला. बूट काढून त्यानं समोर ठेवलेल्या सपाता घातल्या.

स्टेशनपासून घरापर्यंत चढ होता. वाटेत घरांच्या मधेमधे मोकळे प्लॉट दिसत होते. भूकंपाला दोन वर्षं झाली होती आणि कोबे अजून सगळं भरून निघालं नव्हतं. उल्हासनं ते पाहिलं, पण त्याला काही वाटलं नाही. नोव्हेंबरपासून त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

पुण्याच्या एका कंपनीनं त्याला दोन वर्षांच्या करारावर तोक्योला पाठवलं होतं. तिथल्या फुनाबोरी भागातल्या त्याच्या खोलीवर शुभदाबाईंचं पत्र आलं होतं. 'अपघातातून वाचलेल्यांच्या यादीत तुमचं नाव आणि जपानचा पत्ता दिसला. मी रवींद्र यांची पत्नी. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. कागदावर लिहायचं धाडस होत नाही.'

कोणती गोष्ट, हे त्यानं पत्र वाचतानाच ओळखलं होतं. उत्तरही ठरवून टाकलं होतं.

बाईंनी चहा आणला. त्या पंचेचाळिशीच्या असतील. केस नीट बांधलेले, चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट. कपाटावर रवींद्रांचा फोटो होता. तेच रुंद कपाळ, तोच जाड चष्मा. उल्हासनं कप उचलला. अपघातापासून डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती, त्यामुळे कप किती गरम आहे ते ओठांना लागल्यावरच कळलं.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "घाई करू नका."

त्यानं सांगायला सुरुवात केली. तो रजेवर भारतात गेला होता. कन्याकुमारीजवळ नागरकोइलला मित्राचं लग्न होतं. कन्याकुमारीची बस बंगळुरूहून पहाटे सुटली. त्याची सीट मधल्या वाटेच्या उजवीकडे होती, रवींद्र डावीकडे.

"तुमच्याशी बोलले?"

"हो. मराठी पेपर पाहिला माझ्या हातात. मी जपानला असतो म्हटल्यावर हसले. म्हणाले, मी कोबेचा, वीस वर्षं झाली."

"जेवले कुठे?"

"सेलमच्या पुढे. केळीच्या पानावर. रस्सम दोनदा मागून घेतलं."

"हो, घेणारच," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

उल्हास सांगत राहिला. बसमध्ये मोठ्यानं लावलेला तमिळ सिनेमा. दिंडीगुलच्या बाहेर लागलेला पाऊस. मदुराईच्या स्टँडवर खिडकीशी आलेल्या गजरेवाल्या. तिथे रवींद्रांनी गजरा घेतला होता, हे त्यानं गाळलं.

तो गजरा त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसलेल्या बाईनं माळला होता. ती तिशीची असेल. त्यांना सरळ 'रवी' म्हणायची. मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली आणि रवींद्रांनी आपली शाल तिच्या अंगावर सरकवली. उल्हासनं तेव्हाच नजर दुसरीकडे वळवली होती. जपानात बायको आहे, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

"मग पूल आला," तो म्हणाला. "संध्याकाळचे सहा वाजले असतील. ड्रायव्हरला वाटलं, पाणी घोट्याएवढंच आहे. मध्यावर बस कलंडली."

"यांना त्रास झाला?"

"नाही. डोक्याला मार लागला. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

हे खरं होतं. त्या बाईला मात्र कळलं होतं. पाणी छतापर्यंत चढलं तेव्हा ती खिडकीची चौकट धरून त्याच्याकडे बघत होती. वर आलेली खिडकी उल्हासच्या बाजूची होती. तो बाहेर पडला. मग बस पूर्ण उलटली आणि वाहत गेली.

शुभदाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेपर्यंत त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"आता विचारते. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. यांच्या शेजारी कोणी बसलं होतं?"

चार महिन्यांत कोणाला काही देण्याची ही पहिलीच संधी आहे, असं उल्हासला वाटलं. मेलेल्या माणसाची अब्रू आणि जिवंत बाईची झोप, दोन्ही त्याच्या एका शब्दावर होतं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी होती. त्यावर त्यांची बॅग होती."

"नक्की? कोणी बाई नव्हती?"

"नक्की. एकटेच होते."

शुभदाबाईंचा चेहरा एकदम विस्कटला. त्या ओंजळीत तोंड घालून रडू लागल्या. उल्हासला हलकं वाटलं. नोव्हेंबरनंतर प्रथमच काहीतरी वाटलं.

"तुमचे उपकार कसे फेडू?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण क्षिप्रा बंगळुरूला नोकरीला होती. यांना एकटं पाठवू नकोस, तू बरोबर जा, असं मीच तिला फोनवर बजावलं होतं. बघते म्हणाली. त्या दिवसापासून तिचा पत्ता नाही. तिला एका मुलाशी लग्न करायचं होतं, आमच्या बाबांचा ठाम नकार होता. तो मुलगाही त्याच सुमारास नोकरी सोडून निघून गेला. यादीत फक्त तिकीट काढणाऱ्याचं नाव. सात जणांचे देह मिळालेच नाहीत. ती त्या मुलाबरोबर गेली की यांच्याबरोबर, कोणीच सांगू शकत नव्हतं."

उल्हासनं तोंड उघडलं. त्या तोवर उठून फोनपाशी गेल्या होत्या. पुण्याचा लांबलचक नंबर त्यांनी एकदाही न अडखळता फिरवला.

"आई? मी शुभदा. रडू नकोस, आधी ऐक. भिंतीवरचा क्षिप्राचा फोटो खाली उतरव आणि तो हार काढून टाक."