आठवा चिरंजीव

जगात चिरंजीव सातच. आठवी आपल्या दाढेतली चांदी, असं यादवराव कित्येक वर्षं चारचौघांत सांगत आले होते. आज ते दिंडोरी नाक्यावर, एसटीडी बूथच्या वरच्या दवाखान्यात खुर्चीवर उताणे पडले होते आणि आठव्या चिरंजीवाचा अर्धा तुकडा त्यांच्या बायकोच्या रुमालात होता. मुलीच्या रुखवतासाठी केलेली पहिलीच चकली त्यांनी तपासायला घेतली होती. चकली उत्तम निघाली.

दाढेचं दुःख होतंच. त्याहून मोठं दुःख म्हणजे समोरचा डॉक्टर दिनेश होता. सविताबाईंचा पाठचा भाऊ. दुखऱ्या नवऱ्याला त्यांनी रिक्षात घातलं, आणि रिक्षा कुठं चालली हे त्या नवऱ्याला ती थांबल्यावर कळलं.

ती चांदी दिनेशनंच भरलेली, नवा नवा डॉक्टर झाला तेव्हा. पुढे मखमलाबादच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत, यादवराव म्हणाले की मेहुण्याचा हात बसलाय, आता मळ्यातल्या विहिरीचं प्लास्टरही त्याच्याकडूनच करून घेऊ. पंगत हसली. दिनेश उठला. ताट तसंच, शिऱ्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. यादवरावांच्या तोंडचा ‘दिनू’ त्या दिवशी गेला, उरला तो ‘तुझा भाऊ’.

आता रविवारी मोहिनीचं लग्न होतं. नवरीच्या पाठीशी मामा लागतो. यादवरावांनी मालेगावच्या एका चुलत मामाला कपडे शिवायला सांगून ठेवले होते. मोहिनी म्हणाली होती, सख्खा मामा नसेल तर मी अंतरपाटासमोर उभीच राहणार नाही. तुम्ही आणि चुलत मामा काय ते उरकून घ्या. बापाच्या जिभेवर गेलेली पोर. त्यामुळं ती खरंच उभी राहणार नाही, याची बापालाच सगळ्यात जास्त खात्री होती.

“ताई, पेशंटला विचार, थंड लागतं का?” दिनेशनं भिंतीकडं बघत विचारलं.

पेशंटनं बायकोमार्फत कळवलं की अजिबात नाही.

“लागतं,” सविताबाई म्हणाल्या. “दिवाळीपासून माठातलं पाणी डाव्या गालानं पितात. जेवण झालं की काडी घेऊन बसतात उजवीकडं. मधूनमधून जीभ आत फिरवतात, काठ टोचतो म्हणून. विचारलं तर म्हणतात, विचार करतोय.”

दिनेशनं बहिणीला समजावलं की चांदी अशी एका चकलीनं तुटत नाही. आधी कडेनं सुटते. फटीत घास अडकायला लागतो, तेव्हाच बदलायची असते. मग थंड झोंबतं, तेव्हा तर नक्कीच. पण माणसं ठणक्याची वाट बघत बसतात.

यादवरावांनी छताकडं बघितलं. सुई नको, असंही त्यांनी बायकोमार्फत कळवलं. आपण दुखण्याला भीत नाही, हे तुझ्या भावाला सांग, म्हणाले. मग तोंडात कापसाचे बोळे बसले, गालाला आकडा लागला, लाळ ओढणारी नळी जिभेशेजारी गुरगुरायला लागली आणि निरोप थांबले.

याच क्षणाची वाट बघत असल्यासारख्या सविताबाई उठल्या. पिशवी काखेत मारली.

“कॉलेज रोडवरच्या डॉक्टरकडं गेले होते हे, संक्रांतीला,” त्या दारातून भावाला म्हणाल्या. “तो म्हणाला, ही जुनी चांदी काढून टाकू. तर हे गळ्यातल्या फडक्यासकट उठून घरी आले. म्हणे, घरच्या माणसाचं काम आहे, परक्यानं का उकरावं?”

यादवरावांनी घशातून जोराचा निषेध नोंदवला. नळीनं तो ओढून घेतला.

“मी खालून कोथिंबीर आणते,” सविताबाई म्हणाल्या. मखमलाबादला त्यांच्या स्वतःच्या मळ्यात कोथिंबिरीचे वाफेच्या वाफे होते.

दार लागलं. यादवरावांना हलता येईना. दिनेशलाही येईना. भरल्या ताटावरून उठता येतं, उघड्या दाढेवरून उठता येत नाही. त्यानं मशीन फिरवलं. यादवरावांच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या. उरलेली चांदी निघाली, आणि मशीन बंद झालं तरी दिनेश तसाच वाकून बसला. दिव्याच्या उजेडात तो रिकामा खड्डा बघत.

“दाजी,” तो शेवटी म्हणाला. दाढेलाच म्हणाला. “मी त्या दिवशी ताटावरून उठायला नको होतं.”

नळी गुरगुरत राहिली.

मग तो सलग बोलत सुटला. त्याच्या बायकोनं, शुभांगीनं, मोहिनीसाठी आहेराचं पातळ केव्हाच आणून ठेवलं होतं. मामाचा फेटाही आणला होता, तो कपाटात होता. बोलावलं नाही तरी मांडवाबाहेर येऊन उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तुम्ही विहिरीचं बोललात ते झोंबलं, कारण हात तेव्हा खरंच नवा होता, हेही तो बोलला. बोलता बोलता त्याचा मास्क ओला झाला.

“रविवारी मोहिनीच्या पाठीशी मी उभा राहू का?”

यादवरावांचे डोळे भरून आले होते. सुई घेतलेली नसल्यामुळं कशानं, ते सांगणं कठीण होतं. त्यांनी एक बोट वर केलं. दिनेशनं घाईघाईनं आकडा काढला, नळी काढली, एकेक करून बोळे काढले आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“दिनू,” यादवराव म्हणाले, “आधी जरा थुंकू दे.”